लढाई आणि रयत

वऱ्हाडच्या आग्नेय भागात, वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या बेचक्यात यवतमाळ जिल्हा वसलेला आहे. काळी कसदार जमीन, कापूस, तूर व ज्वारीची शेते आणि मधूनमधून सागाची जंगले, असा हा मुलूख आहे. या जिल्ह्यात काय किंवा साऱ्या वऱ्हाडात काय, जुन्या गावाच्या पांढरीत पुष्कळदा मातीचा एक उंचवटा दृष्टीस पडतो. त्याच्या कडेने जाड भिंतीचे अवशेष असतात, कोठे ढासळलेला बुरूज असतो, कोठे दगडी दरवाज्याची कमान तेवढी उभी असते. लोक त्याला गढी म्हणतात. पावसाळ्यागणिक तिची माती वाहून जाते, आणि माथ्यावर बाभळी वाढतात.

गढी म्हणजे किल्ला नव्हे. किल्ला राजा बांधतो, तो मुलूख जिंकण्यासाठी किंवा राखण्यासाठी. गढी गावातील देशमुख अथवा पाटील बांधीत असे, आणि तीही गावच्याच मातीने. दूरवर घोड्यांच्या टापांची धूळ उठलेली दिसली, की लोक मुलेबाळे, गुरेढोरे आणि हाती लागेल तेवढे धान्य घेऊन गढीत शिरत. मग दरवाजा बंद होई. बाहेर राहत ती घरे, कडब्याच्या गंजी आणि शेतातले उभे पीक. धूळ उडवीत येणारे कधी शत्रूचे स्वार असत, कधी पेंढारी असत, आणि कधी आपल्याच राजाची फौज असे. दरवाज्याआड दबून बसलेल्या कुणब्याला या तिघांतला भेद फारसा जाणवत नसे.

जो माणूस लढत नाही, ज्याच्या हाती शस्त्र नाही, ज्याला कोणी विचारून लढाई सुरू केलेली नाही, त्याने लढाईची किंमत का द्यावी? हा प्रश्न गढीइतकाच जुना, किंबहुना तिच्याहूनही फार जुना आहे. त्याचे उत्तर शोधीत शोधीत जगातील राष्ट्रांनी जे नियम ठरविले, त्यांना आज युद्धाचा आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. परंतु ते नियम समजण्यापूर्वी रयतेला उपद्रव होतो कसा, हे पाहिले पाहिजे. त्याची उदाहरणे शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

सैन्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी आणि तोफा उभ्या राहतात. सैन्याला पोटही असते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. शंभर घरांच्या एखाद्या गावाशेजारी पाच हजार स्वारांचा तळ पडला असे समजा. स्वारांना भाकरी हवी, घोड्यांना दाणा व वैरण हवी, चुलींना लाकूडफाटा हवा. गावाने वर्षभरासाठी साठविलेले धान्य अशा तळाला फार दिवस पुरावयाचे नाही. ते विकत घेतले तर गावाला निदान पैसा मिळतो. हिसकावून घेतले तर गाव उपाशी मरते. विकत घ्यावयाचे की हिसकावून, हे त्या स्वाराच्या मनाच्या चांगुलपणावर फारसे अवलंबून नसते. त्याला पगार वेळेवर मिळतो की नाही, त्याच्या छावणीत शिधा आहे की नाही, आणि हिसकावून घेतल्यास त्याला शिक्षा होते की नाही, यावरच बहुतेक ते ठरते.

ही गोष्ट छत्रपती शिवाजी महाराजांनी जितकी नेमकी ओळखली होती, तितकी ओळखणारे राज्यकर्ते त्या काळी जगात थोडे होते. राज्याभिषेकाच्या थोडे अगोदर महाराजांच्या घोडदळाची छावणी चिपळूणच्या बाजूस पडली होती. पावसाळा तोंडावर आला होता. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना पाठविलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्यात पराक्रमाच्या गोष्टी नाहीत. सारी चर्चा दाण्याची आणि गवताची आहे. छावणीसाठी जमविलेला दाणा, वैरण बेताने खर्च करा, ती पावसाळाभर पुरली पाहिजे, असे त्यात बजावले आहे. आताच उधळपट्टी कराल, तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल. कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी फाटे, तर कोणी भाजीपाला. असे झाले म्हणजे जे गरीब कुणबी जीव मुठीत धरून राहिले आहेत, तेही गाव सोडून जातील, आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील. तेव्हा जे लागेल ते बाजारात जाऊन रोख पैसे देऊन आणावे, असा त्या पत्राचा आशय आहे. रात्री दिवा जळत ठेवून निजू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळून खाक होतील, इतकी बारीक सूचनाही त्यात आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. महाराजांनी आपल्या शिपायांना केवळ दयाळू व्हा असे सांगितले नाही. शिपाई रयतेच्या दारी कोणत्या परिस्थितीत जाईल, याचा त्यांनी आधी विचार केला आणि ती परिस्थितीच येऊ नये अशी तजवीज केली. फौजेला जहागिरीऐवजी रोख पगार देण्याची त्यांची पद्धत होती, तिचाही उपयोग यासाठीच झाला. परमुलखात स्वारीवर जाणाऱ्या फौजेसाठीही त्यांचे नियम होते. बायका-मुलांना धरू नये, गाईंना हात लावू नये, आणि स्वारीवरून परत आल्यावर प्रत्येकाच्या सामानाची मोजदाद व्हावी, असे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदविले आहे. महाराजांना शिव्याशाप देणाऱ्या खाफीखानासारख्या मोगल इतिहासकारानेही, ते मशिदींना, कुराणाला व स्त्रियांना उपद्रव होऊ देत नसत, अशी कबुली दिली आहे. शत्रूच्या लेखणीतून उतरलेली अशी साक्ष मोलाची समजली पाहिजे.

अर्थात तो काळ सतराव्या शतकाचा होता. परमुलखातून खंडणी वसूल करणे व लूट आणणे हे त्या काळच्या साऱ्या राजवटींच्या युद्धनीतीत बसत असे. १६६४ आणि १६७० या वर्षी सुरत लुटली गेली, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांना सोसावे लागलेच. आजच्या कायद्याच्या मोजमापाने पाहिल्यास ती लूट निषिद्धच ठरेल. परंतु रयतेच्या भाजीच्या देठालाही धक्का लागू नये म्हणून आपल्याच सैन्याला लेखी नियमाने बांधून टाकणे, ही गोष्ट त्या काळी असामान्य होती.

पुढच्या साऱ्या सरदारांनी हा कित्ता गिरविला असता, तर मराठ्यांच्या इतिहासातील एक दुःखदायक प्रकरण लिहावे लागले नसते. त्या प्रकरणाचा आरंभ यवतमाळ जिल्ह्याच्या भूमीशी निगडित आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी या भागातील भाम हे गाव सेनासाहेबसुभा कान्होजी भोसले यांचे ठाणे होते. शाहू महाराजांशी कान्होजींचे बिनसले, तेव्हा महाराजांनी त्यांचा पुतण्या रघूजी यास त्यांच्यावर पाठविले. १७३० च्या सुमारास वणीजवळ मंदर येथे कान्होजी पकडले गेले, आणि सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे रघूजींना मिळाली. पुढे रघूजींनी नागपूर हे आपले मुख्य ठिकाण केले. तेथून त्यांची नजर पूर्वेकडे वळली.

१७४२ मध्ये रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर मोठी फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. बंगालचा नबाब अलीवर्दीखान याच्याकडून चौथाई वसूल करणे हा या स्वारीचा हेतू होता. नबाबाशी लढाया झाल्या; त्यांत कधी याची, कधी त्याची सरशी झाली. परंतु या लढायांपेक्षा बंगालच्या लोकांच्या स्मरणात राहिले ते खेडोपाडी फिरणारे स्वार. सरकारातून घोडा मिळालेल्या स्वारास मराठी फौजेत बारगीर म्हणत. या शब्दाचे बंगालीत बर्गी झाले. शिवाजी महाराजांच्या सैन्यात बारगीर हा पगारी शिपाई होता आणि त्याच्यावर हवालदार, जुमलेदारांची नजर असे. बंगालमध्ये आलेली फौज आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर होती. तिचा खर्च तिनेच वसूल करावयाचा होता. मग जे चिपळूणच्या छावणीत घडू नये म्हणून महाराज जपत होते, तेच बंगालच्या गावागावांत घडले.

गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच सुमारास ‘महाराष्ट्रपुराण’ हे काव्य रचले. त्यात बर्गींच्या भयाने पळणाऱ्या लोकांचे वर्णन आहे. पोथ्यांचे भारे घेऊन पंडित निघाले, तराजू घेऊन सोनार निघाले, जाळी घेऊन कोळी निघाले. ज्याचे जे पोटाचे साधन, ते त्याने उचलले. गावे जाळल्याची आणि स्त्रियांवर अत्याचार झाल्याची हकीगतही त्या कवीने सांगितली आहे. कलकत्त्याच्या लोकांनी स्वारांना अडविण्यासाठी शहराभोवती खंदक खणण्यास घेतला. त्याला मराठा खंदक हेच नाव पडले. बंगालमधील आया मुलांना निजविताना जे अंगाईगीत म्हणतात, त्यात बर्गींचे नाव आजही येते. आपल्या पूर्वजांच्या नावाने परक्या मुलखातील बाळांना भीती दाखविली जावी, ही गोष्ट मराठी वाचकास रुचणारी नाही. परंतु इतिहास वाचावयाचा तर तो असा पुरता वाचला पाहिजे. गढीच्या आतून आणि घोड्यावरूनही.

या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने तहाच्या बोलण्यासाठी भास्करराम व त्यांचे प्रमुख सरदार यांना आपल्या गोटात बोलाविले. मानकरा येथे भेटीचा शामियाना उभारला होता. सरदार विश्वासाने आत गेले, आणि तेथेच त्यांची कत्तल करण्यात आली. नबाबाच्या बाजूने असे म्हणता येईल, की ज्यांनी त्याच्या प्रजेला छळले त्यांना त्याने धडा शिकविला. परंतु बोलणी करण्यास येणाऱ्या माणसाच्या जीवाला अपाय होणार नाही, हा नियम जगातील जवळजवळ सर्व लोकांनी प्राचीन काळापासून मानला आहे. तो एकदा मोडला, की लढाई थांबविण्याची वाटच बंद होते. झालेही तसेच. या घाताचा सूड घेण्यासाठी स्वतः रघूजी बंगालवर चालून गेले, आणि १७५१ मध्ये तह होऊन ओरिसाचा वसूल व वर्षाला १२ लाखांची चौथाई कबूल होईपर्यंत त्या प्रांताला स्वस्थता लाभली नाही. शामियान्यातील घाताशी ज्याचा काडीचा संबंध नव्हता, त्या बंगाली शेतकऱ्याची गंजी पुन्हा जळाली.

काळाचे चक्र फिरले आणि जे बंगालने भोगले होते, ते वऱ्हाडच्याही वाट्याला आले. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाच्या राज्यात मोडू लागला. राज्यव्यवस्था ढिली झाली होती. त्यातच पेंढाऱ्यांचा सुळसुळाट झाला. पेंढारी हे कोणाचे पगारी शिपाई नव्हते. मोठ्या फौजांच्या मागे राहून लूट मिळवावी व तीवरच गुजराण करावी, असा त्यांचा धंदा होता. पुढे तर ते स्वतंत्रपणेच फिरू लागले. दसरा झाला, नद्यांना उतार पडला, की नर्मदेच्या खोऱ्यातून त्यांच्या टोळ्या निघत. त्यांच्याजवळ ना तंबू, ना तोफा. यास्तव त्यांचा वेग विलक्षण असे. लपविलेला पैसा काढून घेण्यासाठी ते गावकऱ्यांचा छळ करीत. १८१६ मध्ये गुंटूरच्या बाजूस त्यांची धाड पडली, तेव्हा बारा दिवसांच्या आत त्यांनी ३३९ गावे लुटली आणि ३,६०० हून अधिक माणसांचा छळ केला, असे इंग्रजांच्या चौकशीत आढळून आले. वऱ्हाडातील गढ्यांचे दरवाजे याच काळात वारंवार बंद होत असले पाहिजेत.

दोन वर्षांनी यवतमाळच्या मुलखाने आणखी एक धूळ पाहिली. आष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले पडल्यावर दुसरे बाजीराव पेशवे नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांच्या मदतीच्या आशेने पूर्वेकडे निघाले. एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याच्या परिसरात इंग्रजांच्या फौजांनी त्यांना गाठले आणि त्यांचा पराभव केला. इतिहासाच्या पुस्तकात या घटनेला एखादी ओळ मिळते. दोन्ही फौजा ज्या शेतांतून गेल्या त्या शेतांच्या मालकांची हकीगत कोणी लिहून ठेवलेली नाही.

हेच दुःख जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका माणसाने पाहिले, आणि त्याने मात्र ते लिहून ठेवले. २४ जून १८५९ रोजी इटलीमध्ये सोल्फेरिनो या गावी एका बाजूस ऑस्ट्रिया व दुसऱ्या बाजूस फ्रान्स आणि सार्डिनिया यांच्या सैन्यांची घनघोर लढाई झाली. हेन्री ड्यूनांट नावाचा जिनीव्हाचा एक व्यापारी आपल्या धंद्याच्या कामासाठी त्या बाजूस आला होता. त्याला रणभूमीवर हजारो जखमी विव्हळत पडलेले दिसले. त्यांना पाणी देण्यास कोणी नव्हते. ड्यूनांटने जवळच्या कास्तिल्योने गावातील बायाबापड्यांना जमविले. चर्चमध्ये जखमींना आणून त्या स्त्रियांनी त्यांच्या जखमा धुतल्या. हा आपला, हा शत्रूचा, असा भेद त्यांनी केला नाही. सारे भाऊच आहेत, असे त्या म्हणत.

घरी परतल्यावर ड्यूनांटने १८६२ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्याचा परिणाम मोठा झाला. १८६३ मध्ये जिनीव्हात एक समिती स्थापन झाली. तीच पुढे आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती म्हणून प्रसिद्ध झाली. १८६४ मध्ये १२ राष्ट्रांनी पहिल्या जिनीव्हा करारावर सह्या केल्या. जखमी सैनिकाची शुश्रूषा करावी, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. दवाखाने व शुश्रूषा करणारी माणसे यांच्यावर हल्ला करू नये. आणि त्यांची ओळख पटावी म्हणून पांढऱ्या भूमीवर तांबडी फुली ही खूण वापरावी, असे त्या करारात ठरले. १९०१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक पहिल्यांदा देण्यात आले, तेव्हा ते ज्या दोघांना विभागून मिळाले, त्यांत ड्यूनांट एक होता.

तथापि या करारात एक मोठी उणीव होती. तो होता जखमी शिपायांसाठी. गढीत दडून बसलेल्या कुणब्याचा त्यात फारसा विचार नव्हता. १८९९ आणि १९०७ मध्ये हेग येथे ठरलेल्या नियमांत लुटीला बंदी करण्यात आली, आणि पांढरे निशाण घेऊन बोलणी करण्यास येणाऱ्या दूताला अपाय करू नये, असेही लिहिले गेले. मानकऱ्याच्या शामियान्यात जे घडले, ते या नियमाने स्पष्टच गुन्हा ठरते. परंतु सामान्य नागरिकासाठी स्वतंत्र असा संपूर्ण करार व्हावयास आणखी चार दशके जावी लागली, आणि त्यापूर्वी दुसरे महायुद्ध होऊन गेले. विमानातून टाकलेल्या बाँबला गढी अडवू शकत नाही. शहरेच्या शहरे जळाली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी एकाच अणुबाँबने हिरोशिमा शहर उद्ध्वस्त केले. त्या महायुद्धात सैनिकांपेक्षा नागरिकच अधिक संख्येने मेले.

मग १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनीव्हात चार करार संमत झाले. पहिले तीन जमिनीवरील जखमी सैनिक, समुद्रावरील जखमी सैनिक आणि युद्धकैदी यांच्याविषयी आहेत. चौथा संपूर्णपणे नागरिकांच्या रक्षणाविषयी आहे. त्यातील कलमे रुक्ष कायद्याच्या भाषेत लिहिलेली असली, तरी ज्याने वरील इतिहास वाचला आहे, त्याला प्रत्येक कलमामागे एखादे जळालेले गाव दिसेल. लूट करण्यास मनाई आहे. नागरिकांना ओलीस धरण्यास मनाई आहे. एकाच्या अपराधासाठी साऱ्या गावाला शिक्षा करण्यास मनाई आहे. शत्रूने नियम मोडला म्हणून त्याच्या नागरिकांवर सूड उगविण्यासही मनाई आहे. रघूजींच्या सूडात बंगालचा शेतकरी भरडला गेला, तशी गोष्ट पुन्हा घडू नये यासाठीच हे शेवटचे कलम आहे. भूक हे हत्यार म्हणून वापरू नये, पिके, गुरे आणि पिण्याच्या पाण्याचे साठे यांचा नाश करू नये, असे १९७७ मध्ये या करारांना जोडलेल्या एका पुरवणीत म्हटले आहे. अनेक राष्ट्रांनी ही पुरवणी स्वीकारली आहे. भारत तीत सामील झालेला नाही. मूळच्या चार करारांना मात्र भारतासह जगातील सर्व राष्ट्रांनी मान्यता दिली आहे.

या साऱ्या नियमांचा पाया एका भेदावर आहे. जो लढत आहे तो, आणि जो लढत नाही तो. हा भेद माणसाच्या जातीवर, धर्मावर किंवा देशावर बसविलेला नाही; तो फक्त माणूस त्या क्षणी काय करीत आहे यावर बसविलेला आहे. म्हणून शस्त्र टाकून शरण आलेला, किंवा जखमी होऊन पडलेला सैनिकदेखील रक्षणास पात्र होतो. उलटपक्षी, एखाद्या नागरिकाने हाती बंदूक घेऊन लढण्यास सुरुवात केली, तर तो लढत असेपर्यंत हे रक्षण त्याला मिळत नाही.

भेद सांगण्यास सोपा असला, तरी पाळण्यास तो नेहमीच सोपा नसतो. एखाद्या गावात सैन्याचा दारूगोळ्याचा कोठार आहे आणि त्याच्या शेजारी शाळा आहे, अशी कल्पना करा. कोठारावर हल्ला करणे युद्धात गैर नाही; शाळेवर करणे गैर आहे. अशा वेळी सेनापतीला तोलून पाहावे लागते. कोठार नष्ट झाल्याने होणारा फायदा, आणि त्यापायी निरपराध माणसांची होणारी हानी, यांत हानीचे पारडे फाजील जड होत असेल, तर त्याने हल्ला करू नये. आणि ज्याने शाळेच्या आडोशाला दारूगोळा ठेवला तो? तोही दोषीच होय. नागरिकांची ढाल करून तिच्यामागे लपण्यास चौथ्या करारानेच बंदी केली आहे. मात्र त्याच्या दोषाने शाळेतील मुले दोषी होत नाहीत, आणि हल्ला करणाऱ्याची जबाबदारीही संपत नाही. दवाखान्याचा उपयोग कोणी हल्ल्यासाठी करीत असेल, तरीसुद्धा आधी ताकीद दिली पाहिजे, आणि योग्य असेल तेथे मुदतही दिली पाहिजे, असे कायदा सांगतो.

इतके नियम असूनही लढाईत नागरिक मरतात. दवाखान्यांवर बाँब पडतात, धान्याच्या गाड्या अडविल्या जातात. मग या कागदांचा उपयोग तरी काय, असे पुष्कळांना वाटते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राष्ट्रांवर हुकमत चालविणारा कोणी कोतवाल जगात नाही, आणि बलाढ्य राष्ट्र नियम मोडते तेव्हा त्याला शिक्षा करणे फार अवघड जाते. तरी काही गोष्टी बदलल्या आहेत. १७४२ मध्ये गाव लुटणाऱ्या स्वाराला आपण काही गैर करीत आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते. लूट हा त्याचा पगारच होता. आज नागरिकांवर हल्ला करणारे सैन्य बहुधा ती गोष्ट नाकारते किंवा चुकून झाली असे सांगते. जी गोष्ट लपवावी लागते, तिच्याविषयी जाब विचारता येतो. १९४५ व १९४६ मध्ये न्युरेंबर्ग येथे जर्मनीच्या पुढाऱ्यांवर जो खटला चालला, त्यात वरिष्ठांचा हुकूम होता एवढ्यावरून कोणी निर्दोष ठरत नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. गाव जाळण्याचा हुकूम देणाराही जबाबदार आणि पलिता लावणाराही जबाबदार.

नियम पाळल्याचीही उदाहरणे आहेत, ती कमी सांगितली जातात इतकेच. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानच्या पूर्वेकडील सैन्याने ढाक्यास शरणागती पत्करली. सुमारे ९३,००० माणसे भारताच्या ताब्यात आली. त्यांत सैनिकांबरोबर नागरिक, स्त्रिया आणि मुलेही होती. त्या सैन्याने बंगाली जनतेवर भयंकर अत्याचार केले होते, आणि संतापलेला जमाव सूड घेण्याचा संभव होता. भारतीय सैन्याने शरण आलेल्यांना आपल्या रक्षणाखाली घेतले, जिनीव्हा करारांप्रमाणे छावण्यांत ठेवले आणि पुढे त्यांना मायदेशी पाठविण्यात आले.

भारताने या करारांना १९५० मध्येच मान्यता दिली होती. १९६० मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. या करारांचा गंभीर भंग भारतात अथवा भारताबाहेर, कोणीही केला, तरी त्याला येथे शिक्षा होऊ शकते. अशा भंगात रक्षणास पात्र असलेल्या माणसाची बुद्धिपुरस्सर हत्या झाली असेल, तर ती देहान्ताची अथवा जन्मठेपेचीही असू शकते. तांबड्या फुलीची खूण केंद्र सरकारच्या परवानगीवाचून वापरण्यासही याच कायद्याने मनाई केली आहे. औषधांच्या दुकानावर किंवा डॉक्टरांच्या मोटारीवर ही खूण रंगविलेली पुष्कळ ठिकाणी आढळते. ती रंगविणाऱ्यांना बहुधा या कायद्याची वार्ताही नसते. मनाईचे कारण साधे आहे. ही खूण वाटेल तेथे दिसू लागली, तर रणभूमीवर ती पाहून बंदूक खाली करण्याचे शिपायास काही कारण उरणार नाही.

चौथ्या करारातील १४४ वे कलम फारसे कोणाच्या वाचनात येत नाही. करार मानणाऱ्या प्रत्येक राष्ट्राने त्याचा मजकूर शांततेच्या काळात आणि युद्धाच्या काळातही शक्य तितका सर्वत्र पसरवावा, तो लष्करी शिक्षणात शिकवावा आणि जमल्यास नागरिकांच्या शिक्षणातही त्याचा समावेश करावा, असे त्यात म्हटले आहे. पावसाळा सुरू होण्यापूर्वीच चिपळूणच्या छावणीत पत्र जाऊन पोचले होते.